आजीचं जलरंगातलं व्यक्तिचित्र: सहस्रचंद्रदर्शनाला द्यायची भेट

जलरंगातला चेहरा ओळखू येतो तो सावल्यांच्या आकारामुळे. रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी घरचे लोक म्हणतात, "अगदी आजीच!" पण नाकाखालची सावली जरा सरकली, की कितीही छान रंगवलं तरी कुणीतरी शेजारची म्हातारी दिसायला लागते. म्हणून सहस्रचंद्रदर्शन, साठीशांत किंवा लग्नाचा पन्नासावा वाढदिवस अशा कार्याला चित्र द्यायचं ठरवलं असेल, तर निम्मा वेळ फोटो आणि ड्रॉइंगवर घालवायचा. कार्याच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा. प्रत्यक्ष रंगवणं तीन-चार बैठकांचं काम असतं. बाकी वेळ फोटो मिळवणं, कच्चं काम आणि फ्रेमवाल्याकडचे हेलपाटे यात जातो.

फोटो

लग्नाच्या अल्बममधला फ्लॅशचा फोटो घेऊ नका. फ्लॅश समोरून पडतो आणि चेहऱ्यावरच्या सगळ्या सावल्या खाऊन टाकतो. मग रंगवायला हातात काहीच उरत नाही. व्यक्ती समोर असेल तर नवा फोटो काढा. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, दारात किंवा ओसरीवर, ऊन अंगावर न येता उजेड एका बाजूने पडेल असं बसवा. तुम्ही सहा ते आठ फूट लांब उभे राहा, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि दुप्पट झूम करा. दोन फुटांवरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. फोटो कुणाकडून मागवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की तो आकसतो आणि नेमके डोळ्यांचे कोपरे पुसट होतात.

व्यक्ती हयात नसेल तर मिळेल त्या फोटोवर भागवावं लागतं. जुन्या स्टुडिओतल्या फोटोंना उजेड चांगला असतो, कारण दिवे एका बाजूने लावलेले असत. पण निगेटिव्हवर हात फिरवून सुरकुत्या घालवायची तेव्हा पद्धत होती, त्यामुळे गाल नको इतके गुळगुळीत दिसतात. अशा वेळी त्याच व्यक्तीचे दुसरे फोटो शेजारी ठेवा, पण ते फक्त ठेवण समजून घ्यायला. उजेड मात्र एकाच फोटोतला घ्यायचा. डोळे एका फोटोतले आणि हनुवटी दुसऱ्यातली घेतली, की चेहऱ्यावर दोन सूर्य उगवतात.

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या घरांत पाणी शिरलं, तिथे भिंतीवरचा जुना फोटो काचेला चिकटून बसलेला असू शकतो. तो ओढून सोडवायला जाऊ नका. वरचा थर सुटून काचेवरच राहतो. काच बाहेरून पुसा, फ्रेम खिडकीच्या आडव्या उजेडात ठेवा, स्वतःच्या अंगावर काळी शाल किंवा कापड घ्या म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब पडणार नाही, आणि काचेवरूनच फोटो काढा.

कागद आणि रंग

कागदात काटकसर करू नका. ३०० जीएसएम (म्हणजे जाड, दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत पृष्ठभागाचा) हवा. शाळेचा ड्रॉइंग पेपर दुसऱ्या वॉशलाच (वॉश म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा सलग हात) सोलायला लागतो. पूर्ण शीट २२ बाय ३० इंचांची असते. तिचा चौथा भाग, म्हणजे ११ बाय १५, व्यक्तिचित्राला पुरेसा. त्यात केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत चेहरा साधारण पाच इंचांचा ठेवा. त्याहून लहान केला तर डोळ्यातली एक मिलिमीटरची चूकही नजरेत भरते. फार मोठा केला तर ओला वॉश हाताबाहेर जातो.

राउंड ब्रश १२, ८ आणि ४ नंबरचे, पाणी लावायला एक इंची फ्लॅट, पाण्याची दोन भांडी (एक धुवायला, एक स्वच्छ पाण्याचं), जुनं सुती फडकं. बस.

रंग सहाच घ्या: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, पर्मनंट रोझ, अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट ब्लू. लाल म्हणून अलिझरिन क्रिमसन वापरायची बऱ्याच जणांना सवय असते. ट्यूबवर पीआर ८३ (PR83) हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असेल तर भेटीच्या चित्राला तो लावू नका, उजेडात तो उडतो आणि आजी दरवर्षी थोडी थोडी फिकी होत जाते. काळी आणि पांढरी ट्यूब ड्रॉवरमध्येच राहू द्या. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोस्टर कलर वापरलेल्यांचा हात आपोआप पांढऱ्याकडे जातो. जलरंगात उजळपणा पाण्याने आणि कोऱ्या कागदाने येतो. काळा हवा असेल तर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट कालवा; त्या काळ्यात जीव असतो.

कागद प्लायवर ताणून घ्या. पाच-सात मिनिटं स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, निथळा, बोर्डवर पसरा आणि चारी कडांना पाणी लावून चिकटवायची तपकिरी कागदी टेप लावा. रात्रभर आडवाच सुकू द्या. उभा ठेवलात तर पाणी खालच्या कडेला उतरतं आणि तिथली टेप सुटते.

ड्रॉइंग

ड्रॉइंग थेट चांगल्या कागदावर करू नका. खोडरबर फिरला की कागदाचा वरचा थर उसवतो, आणि तिथे रंग शोषला जाऊन काळपट डाग पडतो. हे डाग वॉश मारेपर्यंत दिसत नाहीत, ही खरी पंचाईत. साध्या कागदावर ठरलेल्या मापात ड्रॉइंग पक्कं करा, मागच्या बाजूला २बी पेन्सिल घासा, जास्तीची पूड कापसाने पुसा आणि हलक्या हाताने चांगल्या कागदावर उतरवा.

मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, म्हणजे टाळू ते हनुवटी या उंचीच्या निम्म्यावर. नवशिके ते हमखास वर काढतात, कारण कपाळ आणि केस त्यांना बिनमहत्त्वाचे वाटतात. लहान मुलांचे डोळे मध्याच्याही खाली असतात. दोन डोळ्यांत एका डोळ्याइतकं अंतर. कान भुवई आणि नाकाचं टोक यांच्या दरम्यान. हे झालं ठोकळ माप. ओळख पटते ती या मापापासून तो चेहरा जिथे हटतो तिथे. दात पडले असतील तर नाक ते हनुवटी अंतर कमी झालेलं असतं. एक पापणी दुसरीपेक्षा जास्त उतरलेली असते. एक ओठाचा कोपरा वर असतो. ते सुधारायला जाऊ नका, कारण तीच तर आजी.

तपासायची सोपी युक्ती: दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे आणि ओठांचा मधला बिंदू जोडून त्रिकोण करा. फोटोतला त्रिकोण आणि तुमचा त्रिकोण सारख्या आकाराचा आला तर पुढे चला, नाही आला तर खोडा. मग फोटो आणि ड्रॉइंग दोन्ही उलटे करून बघा. चूक उलटीकडून लगेच दिसते.

आता ड्रॉइंगवर सावल्यांच्या सीमा पुसट रेषेने आखा. फोटो मोबाइलवर काळापांढरा करा, डोळे किलकिले करा आणि जे गडद दिसतं त्याला एकच आकार समजा. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, नाकाखालची सावली, वरचा ओठ आणि गळ्यावरची सावली ही बहुतेक वेळा एकमेकांना लागून असतात. सुटे डोळे, सुटं नाक असं बघायची सवय इथे मोडायला हवी. त्यासाठी सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय गाठा. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेल्या या संग्रहालयात व्यक्तिचित्रांसमोर उभं राहून नाकडोळे न बघता फक्त सावल्यांचे आकार बघत फिरा. एका दुपारी बरंच उमगतं.

चांगल्या कागदाला हात लावण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर फक्त बर्न्ट अंबरने तीन छटांत चेहरा करून बघा: कोरा कागद, मधली छटा, गडद. या तीन छटांत माणूस ओळखू येत नसेल तर तीस रंगांतही येणार नाही.

पहिला वॉश

आधी हवा बघा. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत दुपारी वॉश दोन मिनिटांत सुकतो. गाल होईपर्यंत कपाळाची कड पक्की झालेली असते. तेव्हा सकाळी लवकर बसा, पंखा बंद ठेवा, आणि रंगाआधी चेहऱ्याच्या भागाला स्वच्छ पाण्याचा हात फिरवून त्याची चकाकी उतरू द्या. पावसाळ्यात साताऱ्याला उलटं होतं: वॉश अर्धा तास ओला राहतो आणि माणूस कंटाळून त्यातच ब्रश घालतो. शिवाय दमट कपाटात राहिलेल्या कागदाची वरची खळ बिघडते आणि रंग टिपकागदासारखा शोषला जातो. जुना कागद काढला असेल तर कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघा. तो लगेच आत मुरला तर त्या कागदावर चेहरा करू नका.

बोर्ड खाली एखादं जाड पुस्तक ठेवून थोडा तिरपा करा. गव्हाळ वर्णाला यलो ऑकर दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग आणि पर्मनंट रोझ चिमूटभर. सावळ्या वर्णाला बर्न्ट सिएना दोन भाग, ऑकर एक भाग आणि अगदी थोडा अल्ट्रामरीन. भेट आहे म्हणून रंग उजळवू नका. घरच्यांना ते खटकतं आणि सावळ्या चेहऱ्याचा तजेलाही जातो. रंग दोन-तीन चमचे तरी एकदम कालवून ठेवा, कारण मध्येच संपला तर तोच रंग पुन्हा जुळत नाही. दाटपणा पातळ ताकाइतका. ओला असताना हवा त्यापेक्षा थोडा गडदच लावा, सुकल्यावर तो हमखास फिका पडतो.

१२ नंबरच्या ब्रशने कपाळापासून खाली या. ओठ, पापण्या, कान, गळा सगळ्यावरून एकच वॉश जाऊ द्या. कोरं सोडायचं ते फक्त नाकाच्या शेंड्यावरची, खालच्या ओठावरची आणि कपाळावरची चकाकी. पांढरी टोपी किंवा फेटा असेल तर त्याचा उजेडाचा भागही. खाली साठलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या, नाहीतर तो मागे सरकून फुलासारखा डाग पाडतो.

वॉश ओला आहे तोवरच गाल, नाकाचा शेंडा आणि कानाची पाळी इथे रोझ-सिएनाचा थोडा घट्ट रंग टेकवा. टेकवायचा, घासायचा नाही. पुरुषाच्या दाढीच्या भागात कोबाल्टचा किंचित निळेपणा सोडा. मग ब्रश खाली ठेवा आणि उठून चहा करा. पहिल्या वॉशचा सत्यानाश होतो तो याच पाच मिनिटांत, हात शिवशिवतो म्हणून.

सुकलं का ते बोटाने बघू नका. हाताची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवा. गार लागला तर आत पाणी आहे. हेअर ड्रायर वापरायचा तर चकाकी गेल्यावर आणि फूटभर लांबून.

सावल्या

हा दुसरा वॉश म्हणजेच चित्र. बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन घालून गडद रंग करा, उजेडाकडच्या कडेला थोडा रोझ. आखलेले सगळे आकार जोडूनच भरत या: खोबण, नाकाची बाजू, नाकाखाली, ओठ, हनुवटीखाली, गळा. आठ नंबरचा ब्रश पुरतो.

कोणती कड तीक्ष्ण ठेवायची आणि कोणती विरवायची, हे ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं. एका गोष्टीची सावली दुसरीवर पडते तिथे कड तीक्ष्ण: नाकाखाली, हनुवटीखाली, पदराखाली. गोल पृष्ठभाग हळूहळू उजेडातून वळतो तिथे मऊ: गाल, कपाळ, हनुवटीचा गोलावा. मऊ करायला दुसरा ब्रश ओला करून फडक्यावर पिळा आणि रंगाच्या कडेवरून एकदाच फिरवा. ब्रशात पाणी जास्त राहिलं तर ते रंगात शिरतं आणि फूल पडतं. कडा सगळ्या तीक्ष्ण राहिल्या तर चेहरा लाकडी दिसतो, सगळ्या मऊ झाल्या तर साबणासारखा.

सावळ्या चेहऱ्यावरची चकाकी पांढरी नसते, निळसर असते. कोरा सोडलेला भाग पूर्ण सुकल्यावर त्यावर कोबाल्टचा पाण्यासारखा हात द्या. त्वचा एकदम खरी वाटते.

सुरकुत्यांबद्दल एक सांगतो: तीन-चारच घ्या, ज्यांवरून ती ओळखू येते तेवढ्याच. सुरकुती ही रेघ नसून छोटी घडी असते. तिची एक कड तीक्ष्ण, दुसरी मऊ. पेनाने ओढल्यासारख्या सगळ्या काढल्या तर आजी आहे त्यापेक्षा दहा वर्षं जास्त म्हातारी दिसते आणि कार्याच्या दिवशी कुणी तोंडावर काही बोलत नाही.

उजेडाचा विचार कसा करायचा हे बघायला सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र बघा. १९४५-४६ चं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली ती स्त्री म्हणजे त्यांची मुलगी गीता. उजेड चेहऱ्यावर आणि दिव्याआड धरलेल्या बोटांत साठवलाय, बाकी सगळं अंधाराच्या हवाली. बरेच लोक ते रविवर्म्याचं समजतात, ते सोडून द्या.

डोळे, कुंकू, नथ

डोळ्यातलं पांढरं कधीच कोरं ठेवू नका. पापणीची सावली त्यावर पडलेली असते. अल्ट्रामरीन-सिएनाचा फिका राखाडी द्या. वरची पापणी गडद, खालची जवळजवळ नाहीच. बुबुळ आणि वरच्या पापणीची सावली एकाच ओल्यात करा. डोळ्यातला चमकता ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच जागी हवा. सोडायला विसरलात तर शेवटी पांढऱ्या गव्हाशचा (अपारदर्शक जलरंगाचा) ठिपका चालतो. नथीच्या मोत्यांनाही तोच. एवढ्यापुरती सवलत.

हसणाऱ्या चेहऱ्यात दात एकेक काढू नका, चेहरा भेसूर होतो. दातांची एक पट्टी फिकी राखाडी, तोंडाच्या कोपऱ्यांत गडद, आणि समोरच्या दोन दातांमध्ये हवी तर इवलीशी खूण. चष्मा चेहरा पूर्ण झाल्यावर. फ्रेमची रेघ जिथे चकाकते तिथे तोडून टाका.

कुंकू सगळ्यात शेवटी, कागद ठणठणीत सुकल्यावर. लाल रंग ओलीत गेला तर कपाळभर पसरतो आणि पूर्ण उचलला जात नाही. हयात व्यक्तीच्या चित्रात हार, चंदनाचा टिळा असलं काही फोटोतून नकळत येत नाहीये ना, हेही तपासा.

केस एकेक ओढू नका. मोठा आकार, त्यात दोन छटा, आणि कपाळाकडची कड मऊ. नऊवारीचे काठ चेहऱ्याजवळ स्पष्ट, खाली येताना सोडून द्या. पार्श्वभूमी सावलीच्या बाजूला फिकी आणि उजेडाच्या बाजूला जरा गडद ठेवली की चेहरा पुढे येतो.

बिघडलं तर

रंग मळका झाला असेल तर तीनपेक्षा जास्त रंग कालवलेत किंवा खालचा थर ओला असताना वर घासलंत. पूर्ण सुकू द्या. कुंचल्याने स्वच्छ पाणी लावून अर्धं मिनिट थांबा आणि टिश्यूने दाबून उचला. एका जागी दोनदाच, तिसऱ्यांदा कागद सोलतो. फुलाचा डाग पडला तर ओल्या ब्रशने फक्त त्याची कड मऊ करा. टेप काढताना चित्रापासून लांब, तिरपी ओढा. चिकटून बसली असेल तर ओढू नका, टेपच्या आतल्या कडेने कागद कापून घ्या.

फ्रेम

फ्रेमवाल्याला दोन गोष्टी ठासून सांगा. चित्र मागून गोंदाने पूर्ण चिकटवायचं नाही, फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी अॅसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) टेपने टांगायचं. आणि काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये चित्राभोवती दोन इंच रुंदीचं अॅसिड-फ्री माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवं. काच टेकली की पावसाळ्यात आत दमट हवा साठून बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. साताऱ्याच्या पावसात भिंतीही ओलावतात, म्हणून फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून कॉर्कचे तुकडे लावून घ्या, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. चित्र देवघराच्या दिव्याजवळ किंवा पश्चिमेचं ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नये, हे भेट देतानाच सांगून ठेवा.

चित्राच्या मागे पेन्सिलीने व्यक्तीचं नाव, तुमचं नाव आणि साल लिहा. बॉलपेनची शाई कालांतराने पुढे उमटते. एसटीने न्यायचं असेल तर काचेऐवजी अॅक्रिलिक शीट बसवून घ्या. काचच असेल तर तिच्यावर मास्किंग टेपची फुली मारा, वर पुठ्ठा आणि जुनी चादर, आणि फ्रेम डिकीत न टाकता मांडीवर उभी धरून न्या.